मॅटीवरचं नाव

(मुरुडला झालेल्या घरगुती बैठकीतलं हे बोलणं. येताना प्रत्येकीनं घरातलं एखादं जुनं भरतकाम सोबत आणावं, असं आधी कळवलं होतं. शब्दांकन करताना बोलण्याचा बाज शक्यतो तसाच ठेवला आहे.)

मागं बसलेल्यांना ऐकू येतंय ना? पंखा थोडा कमी करा, रेकॉर्डिंगमध्ये त्याचाच आवाज येतो.

आपल्या गावाचं नाव सांगितलं की बाहेरची माणसं हमखास विचारतात, ‘मुरुड म्हणजे जंजिऱ्याचं का?’ मग सांगावं लागतं, नाही हो, समुद्राचं नाही, लातूर-बार्शी रस्त्यावरचं. गंमत म्हणजे गेल्या दोन-तीन वर्षांत आपल्याच गल्लीतल्या एका घरात मला एक चौकट सापडली, आणि तिच्यात तीन शिडांचं जहाज होतं. निळ्या लोकरीचा समुद्र, वर पांढरे पक्षी. भरणाऱ्या बाईनं उभ्या जन्मात पंढरपूरच्या चंद्रभागेपेक्षा मोठं पाणी पाहिलेलं नव्हतं.

हे जहाज आलं कुठून, तर छापील नमुन्यातून. एकोणिसाव्या शतकात जर्मनीत, बर्लिनला, चौकड्यांच्या कागदावर रंगीत नमुने छापायला लागले. एक चौकट म्हणजे एक टाका. मोजता येणाऱ्या कुणालाही चित्र भरता यावं, अशी ती सोय. ते जगभर गेले. कुत्रा, हरीण, पोपटांची जोडी, फुलांची परडी, जहाज. पुढं आपल्याकडच्या मासिकांत असे नमुने यायला लागले. ‘स्त्री’ मासिक १९३० साली सुरू झालं, तसली मासिकं एका घरात यायची आणि दहा घरांत फिरायची. नमुना उतरवून घ्यायचा, मासिक परत द्यायचं. बार्शी लाइटची छोटी गाडी १९११ साली लातूरपर्यंत आली आणि मुरुडला स्टेशन झालं. मॅटीचं कापड, दोऱ्याच्या लडी, मासिकं, सगळं त्या गाडीनं येऊ शकत होतं.

मॅटी म्हणजे काय हे इथल्या पोरींसाठी सांगते. जाळीसारखी वीण दिसणारं जाडसर कापड. त्याच्यावर फुलीचा टाका घालायचा, ज्याला तुम्ही क्रॉस स्टिच म्हणता. आमच्या वेळेपर्यंत शाळेत शिवणाचा तास असायचा. मी स्वतः काही वर्षं तो घेतलाय. एका वहीत कापडाचे तुकडे चिकटवायचे: धावदोरा, टीप, उलटी टीप, काज, रफू, मग साखळी टाका, गहू टाका, लेझी डेझी. आणि शेवटी एक मोठा नमुना, त्याच्यात अक्षरं, आकडे, वेलबुट्टी आणि खाली स्वतःचं नाव आणि साल. इंग्लंड-अमेरिकेतल्या मुली शेकडो वर्षं हेच करत होत्या. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात १५९८ सालचा असा नमुना आहे. जेन बोस्टॉक नावाच्या बाईचा. तारीख घातलेला सगळ्यात जुना इंग्रजी नमुना म्हणून तो ओळखला जातो, आणि त्याच्यावर एका लहान मुलीच्या जन्माची नोंदही भरलेली आहे. म्हणजे नाव, साल आणि घरातली बातमी कापडावर टाकायची ही रीत फार जुनी.

आपल्याकडं हा नमुना शाळेतून घरी आला आणि थेट रुखवतात जाऊन बसला. मला आज बोलायचंय ते ह्याच्याबद्दल.

रुखवत मांडलं की वऱ्हाडातल्या बायका काय करायच्या? आधी लांबून बघायच्या. मग जवळ जाऊन रुमालाचं टोक हळूच उलटं करून बघायच्या. मागची बाजू. सुईच्या कामाची परीक्षा मागच्या बाजूनं होते. गाठी किती, दोरा एका फुलावरून दुसऱ्या फुलावर किती लांब ओढलाय, टोकं लपवलीत का तशीच सोडलीत. मुलीचा स्वभाव कसा आहे हे त्याच्यावरून ठरवायच्या म्हणे. ‘पोरगी टापटिपीची दिसतीय.’ एका सतरा वर्षांच्या मुलीची भर मांडवात चाललेली ती तपासणी होती, आणि मला ती कधीच गोड वाटली नाही.

आणि त्याच मांडवात, त्याच दिवशी, तिचं नाव बदलायचं. ताटातल्या तांदळात नवऱ्यानं अंगठीनं नवं नाव लिहायचं. आडनाव तर बदलायचंच, मधलं नाव बदलायचं, आणि कितीतरी घरांत पहिलंही बदलायचं. उखाण्यात तिनं नवऱ्याचं नाव घ्यायचं, आणि तिचं स्वतःचं मात्र तांदळाबरोबर भांड्यात परत.

आता बघा काय झालं. रुखवतात जी चौकट आहे, मॅटीवर फुलीच्या टाक्यानं भरलेली, तिच्यावर नाव माहेरचं आहे. लग्नाआधी भरलेली ना ती. भिंतीवर ती सासरी टांगली गेली, चाळीस-पन्नास वर्षं राहिली, आणि त्या घरात तिचं मूळ नाव लिहिलेली तेवढी एकच वस्तू होती.

आपण मराठवाड्यातली माणसं सध्या जुनी कागदपत्रं शोधण्यात तरबेज झालोय. २०२३ साली सरकारनं न्यायमूर्ती शिंदे समिती नेमली, निजामकाळातल्या नोंदी शोधायला सुरुवात झाली, तेव्हापासून घराघरांत खासरा पत्रक, जुने जन्म-मृत्यूचे उतारे, शाळेचे निर्गम दाखले ह्यांचीच चर्चा. त्या आरक्षणाच्या प्रश्नात मला आज शिरायचं नाही. पण एक गोष्ट मला दिसली. लोक वंशावळी काढून आणतात. पणजोबा, खापरपणजोबा, त्यांचे भाऊ. कागदावर झाड मोठं होत जातं आणि त्या अख्ख्या झाडात एकही बाई नसते. ह्यांना कुणी जन्म दिला हा प्रश्नच नाही. म्हणून मी म्हणते, कागद संपले की भिंतीकडं बघा.

माझ्या आजीची चौकट मी तशीच पाहिली. वडिलांची आई. आम्ही तिला माय म्हणायचो, गल्ली तिला काकू म्हणायची. वाडा पाडून सिमेंटचं घर बांधायचं ठरलं, तेव्हा माळवदाखालच्या खोलीतून सामान निघालं. भंगारवाला दारात उभा. त्या ढिगात काच फुटलेली एक चौकट होती. वर क ते ज्ञ लाल दोऱ्यात, मग आकडे, मग दोन पोपट समोरासमोर, आणि खाली एक नाव. मुलीचं, वडिलांचं, आडनाव. मी ते नाव कधी ऐकलेलंच नव्हतं. तिची नावं मी आज घेणार नाही, सगळी माणसं इथंच आहेत आणि घरच्यांना ते अवघड वाटतं.

मी विचारलं, “माय, ही कोण गं?”

“मीच की.”

“हे तुझं नाव?”

“व्हतं. आता त्या नावानं हाक मारनारं कोन राह्यलंय?”

ऐंशीच्या पुढं होती ती तेव्हा. बसली माझ्याबरोबर ओसरीत, चौकट मांडीवर घेऊन. पुढचा तासभर जे बोलली ते मी लगेच वहीत उतरवून काढलं.

नावाच्या खाली ‘बार्शी १९४८’ असं आहे. आता आमच्या मायचं माहेर निजामाच्या मुलखात. बार्शी मात्र सोलापूर जिल्ह्यात, म्हणजे तेव्हाच्या इंग्रजी मुलखात. इथून फार लांब नाही, पण मधे सरहद्द. पलीकडं कलदार रुपया, अलीकडं हाली सिक्का. माल आणला तर करोडगिरीच्या नाक्यावर जकात. माय सांगायची, बायका दोऱ्याच्या लडी कनवटीला लावून आणायच्या, लडीला कोण बघतंय. पलीकडं मराठी शाळा. इकडं पुढचं शिक्षण उर्दूतून, आणि मुलीनं तिथवर जायचा प्रश्नच नव्हता.

१९४७-४८ ला रझाकारांचं भय वाढलं तशी सरहद्दीजवळच्या गावांतली कितीतरी कुटुंबं बायका-पोरांना घेऊन पलीकडं गेली. बार्शी, सोलापूर, पंढरपूर, जिथं नातलग असेल तिथं. मायला तिच्या आत्याकडं बार्शीला ठेवलं. तेरा वर्षांची. तिथं तिला मुलींच्या शाळेत घातलं, कारण घरात नुसती बसून काय करणार. पुस्तक वाचायला ती तिथं शिकली आणि हा नमुना तिथं भरला. जेमतेम एक वर्ष. १७ सप्टेंबर १९४८ ला निजामाचं राज्य संपलं, घरचे परत न्यायला आले, आणि पुढच्या वर्षी लग्न.

आता ह्या चौकटीतली जी गोष्ट मला सगळ्यात मोलाची वाटते ती समोरून दिसत नाही. काच काढून कापड उजेडात धरलं की नावाच्या खालच्या ओळीत रिकामी भोकं दिसतात. टाके घातलेले होते आणि नंतर उसवलेत. मॅटीला भोक राहतं, ते सहजासहजी भरून येत नाही. मी भोकं मोजून कागदावर उतरवली, तर अक्षरं उमटली. आधी तिच्या गावाचं नाव, आणि पुढं ‘निजाम स्टेट’.

माय म्हणाली, “पोलीस ॲक्शन झाली, तवा आत्या म्हनली, आता कसलं आलंय निजाम स्टेट, काढून टाक ते. मग उसवलं. लाल दोरा चांगला व्हता, वाया कशाला घालायचा? पोपटाची चोच भरली.”

“आणि गावाचं नाव कशाला उसवलंस?”

ह्याचं उत्तर तिनं लगेच दिलं नाही. मग म्हणाली, “मदीच निस्तं गावाचं नाव बरं दिसंना. आन् मला वाटलं, आता इथंच राहायचंय का काय. शाळा व्हती ना इथं.”

हैदराबाद मुक्तिसंग्रामावर पुस्तकं पुष्कळ आहेत, सत्याग्रह आहेत, सरहद्दीवरची शिबिरं आहेत, आणि ते सगळं वाचायलाच हवं. पण तेरा वर्षांच्या एका मुलीला त्या धामधुमीतच शाळा मिळाली आणि शांतता झाल्यावर ती सुटली, हे मला पुस्तकात सापडलं नव्हतं. ते ह्या भोकांत सापडलं.

आता तुम्ही आणलेल्या कामांची सालं कशी ओळखायची ते पटकन सांगते. एका काकूंनी मला मागं फोन केला की आमच्या चौकटीवर १३५५ साल आहे, सातशे वर्षांपूर्वीची आहे का? नाही हो. ते फसली साल. निजामाच्या राज्यात सरकारी कारभारात फसली चालायचं. त्यात ५९० मिळवायचे, म्हणजे १९४५ चा ऑक्टोबर ते पुढचा ऑक्टोबर असा तो काळ निघतो. साल नसेल तर पत्ता बघा. ‘जि. उस्मानाबाद’ असेल तर १९८२ च्या आधीचं, कारण लातूर जिल्हा तेव्हा वेगळा झाला. अक्षरं बघा. ‘स्वागत असो’ सारखं काही भरलेलं असेल आणि शब्दांवर आज आपण देत नाही असे अनुस्वार दिसले, ‘येथें’, ‘घरांत’, तर बाई १९६२ च्या शुद्धलेखनाच्या नियमांआधी शाळेत गेलेली, किंवा तशा बाईकडून शिकलेली. आणि नेहमी मागची बाजू बघा. समोरचा रंग उन्हानं उडतो, मागचा तसाच राहतो. माझ्या मायचे पोपट समोरून आज करडे दिसतात. मागून अजून हिरवेगार आहेत.

मागची बाजू बघायची सवय लागली, तिच्यातूनच मला दुसरी एक बाई सापडली.

फुलीच्या टाक्याला दोन पाय असतात, एक खाली, एक वर. वरचा पाय सगळीकडं एकाच दिशेला झुकलेला पाहिजे, नाहीतर काम खडबडीत दिसतं. बहुतेकींचा एका दिशेला असतो. डावखुऱ्या हाताला उलटी दिशा सोपी पडते. तर आपल्या गावातल्या चार घरांत मला चार चौकटी मिळाल्या. चार वेगवेगळी नावं, सालं १९५० ते १९६०च्या मधली, घरं एकमेकांची नातलगसुद्धा नाहीत. पण चारींत वरचा पाय उलटा. चारींत पोपटाच्या शेपटीत तीन पिसं, मधलं पिवळं. चारींत मागची टोकं अशी लपवलीत की शोधून सापडत नाहीत. आणि चारींत किनारीचा वेल उजव्या खालच्या कोपऱ्यात एक टाका कमी पडून वळतो. एकच हात आहे हो हा. चार मुली डावखुऱ्या आणि चौघीही एकाच कोपऱ्यात चुकणाऱ्या, असं होत नाही.

मी मायला विचारलं. ती हसली. म्हणाली, “आगं, ती बाई भरून द्यायची.”

ती बाई म्हणजे गावातली एक विधवा. तरुणपणीच नवरा गेलेला. ज्या मुलींना भरता येत नाही, किंवा ज्यांच्या घरात कामापुढं फुरसत नाही, त्यांचं रुखवत ती मजुरीवर भरून द्यायची. कधी रोख, बऱ्याचदा ज्वारी. मुलीचं नाव, वडिलांचं नाव, साल, सगळं ती भरायची. लग्नाच्या दिवशी ते मांडवात लागायचं, वऱ्हाडणी टोक उलटं करून बघायच्या आणि म्हणायच्या, पोरगी टापटिपीची दिसतीय. जिच्या हाताची ही तारीफ, तिला त्या मांडवात हळदीकुंकवाला बोलावणं नसायचं. शुभकार्यात विधवेनं पुढं यायचं नाही ना. आणि त्यात डावा हात. तो हात रुखवतात चालायचा, ताटाजवळ चालायचा नाही.

इथं मला पुण्याची आठवण होते. कर्व्यांनी १८९६ साली विधवांसाठी अनाथ बालिकाश्रम काढला, पुढं तो हिंगण्याला नेला. रमाबाई रानड्यांचं सेवासदन १९०९ चं. अशा ठिकाणी शिवण हे बाईला पायावर उभं करायचं साधन मानलं गेलं. शिकायचं, परीक्षा द्यायची, मास्तरीण व्हायचं. आपल्या गावातल्या बाईला हातच तेवढा होता, बाकी काही नाही. मिशनच्या शाळांनी मुंबईत १८२०च्या दशकात मुली जमवल्या तेव्हाही वाचनाच्या जोडीला शिवण ठेवलं होतं. मुलगी अक्षरं शिकणार म्हटल्यावर बिचकणाऱ्या बापाला मुलगी शिवण शिकणार हे चालायचं. पुष्कळ मुली अक्षर शिकल्या त्या सुईच्या आडोशानं. म्हणून शिवणाच्या तासाला सरसकट नावं ठेवणाऱ्यांचं मला पूर्ण पटत नाही, आणि त्याचे गोडवे गाणाऱ्यांचंही नाही. त्याच सुईनं मायला वाचायला शिकवलं आणि त्याच सुईवर मांडवात तिची पारख झाली.

लंडनच्या त्याच संग्रहालयात एलिझाबेथ पार्कर नावाच्या मोलकरणीचा एक कापडाचा तुकडा आहे, सुमारे १८३० सालचा. पोपट नाही, वेल नाही. पांढऱ्या कापडावर लाल दोऱ्यानं नुसती अक्षरं, ओळींमागून ओळी. मालकानं केलेला छळ, जीव द्यावा असं वाटणं, देवाकडं क्षमा मागणं. आणि एका वाक्याच्या मधेच ते थांबतं. पुढं ती बाई शाळेत शिक्षिका झाली, सत्तरी पार करेपर्यंत जगली. मला ती आपल्या डावखुऱ्या बाईच्या उलट्या टोकाला उभी दिसते. एकीनं स्वतःचं सगळं कापडावर मांडलं. दुसरीनं आयुष्यभर दुसऱ्यांची नावं भरली.

आता कुणी म्हणेल, हे सगळं मॅटी आणि चौकटीवाल्या घरांचं झालं. बरोबर आहे. काच लावून भिंतीवर टांगायला आधी भिंत लागते. शेतात रोजानं जाणाऱ्या बाईकडं मॅटी नव्हती, तिच्याकडं वाकळ होती. लुगडं मधे विरलं की फाडून दोन धडके तुकडे जोडायचे, दंड घालायचा. दंड घातलेलंही फाटलं की ते वाकळीत. वाकळीवर नाव नसतं, पण जिनं ती शिवली तिला तुकडा न् तुकडा माहीत असतो. हे धोतर सासऱ्याचं, हे इरकल माहेरहून आलेलं, ही पोराची बंडी. ७२च्या दुष्काळात खडी फोडायला जाताना नेसलेलं लुगडं अमुक वाकळीत आहे, असं बोट ठेवून दाखवणारी बाई मी पाहिलीय. ती गेली की वाकळ नुसतं पांघरूण होते. म्हणून वाकळ असेल तर ती जिनं शिवली तिला आजच विचारा. चौकट अजून दहा वर्षं थांबेल, वाकळ थांबणार नाही.

आणि तांडे. आपल्या लातूर-नांदेड भागात बंजारा तांडे किती आहेत हे तुम्हाला सांगायला नको. त्यांच्या भरतकामात अक्षर नाही, तरी ते वाचता येतं. कांचळी, फेटिया, डोक्यावर घागरीसाठी फुलिया आणि मागं लोंबणारा गणो, आरसे, कवड्या. बाई लग्न झालेली आहे का, नवरा हयात आहे का, हे अंगावरच्या वस्तूंवरून तांड्यातल्या माणसाला कळायचं. ह्या लोकांचे बैलांचे तांडे मीठ आणि धान्य वाहून न्यायचे. रेल्वे आल्या आणि तो धंदा बसला. १८७१च्या कायद्यानं इंग्रजांनी जमातीच्या जमाती जन्मानं गुन्हेगार ठरवल्या, त्या फेऱ्यात बंजारेही कितीतरी ठिकाणी सापडले. तो कायदा गेला १९५२ साली. मघाशी मी दोऱ्याच्या लडी आणणाऱ्या गाडीचं कौतुक केलं. अशाच गाड्यांनी तांड्याची वाट बंद केली, हेही त्याच दमात सांगायला पाहिजे. नंतर अडीअडचणीत ह्या बायकांचं काम व्यापाऱ्यांनी किरकोळ भावात उचललं. आज शहरात ते उशीचा अभ्रा आणि पर्स होऊन विकायला येतं. कुणी भरलं, कुठल्या लेकीच्या लग्नासाठी भरलं, काही माहीत नाही.

तसं आपल्याकडच्या चौकटींचंही झालंच. त्या गेल्या कधी, तर १९९३ नंतर. ३० सप्टेंबरच्या पहाटे, गणपती बोळवून माणसं झोपली होती आणि किल्लारीचा भूकंप झाला. दगड-मातीच्या जाड भिंती आणि वरचं मातीचं माळवद, सगळं अंगावर आलं. बावन्न गावं नव्यानं वसवावी लागली. तिकडं तर चौकटी ढिगाऱ्याखाली गेल्या, माणसंच राहिली नाहीत तिथं चौकटीचं काय घेऊन बसता. पण आपल्याकडं घरं उभी होती, तरी माळवदाखाली झोपायची भीती बसली ती बसलीच. माणसं कितीतरी दिवस अंगणात झोपली. मग ज्याला जमेल तसे जुने वाडे उतरवले, सिमेंटची घरं बांधली. नव्या भिंतीला खिळा ठोकायचा नाही, रंग खराब होतो. चौकटी माळ्यावर गेल्या, माळ्यावरून भंगारात.

तर जपायचं कसं, थोडक्यात सांगते. धुवू नका. लाल दोरा उतरतो, एका धुण्यात पन्नास वर्षं जातात. चौकटीच्या मागचा पुठ्ठा किंवा प्लायवूड तपकिरी पडलं असेल तर काढा, त्याचाच डाग कापडावर चढतो. खिळे गंजलेत तर तेही. घडी घालू नका, पांढऱ्या धुतलेल्या सुती कापडात गुंडाळी करून ठेवा. उन्हात टांगू नका. फोटो दोन्ही बाजूंनी काढा, आणि एक फोटो कापड उजेडासमोर धरून काढा, उसवलेली भोकं असतील तर दिसतील. आणि एक चिठ्ठी, सुती पट्टीवर लिहून मागं दोन टाक्यांनी अडकवलेली. बाईचं माहेरचं नाव, सासरचं नाव, गाव, साल, आणि कुणी सांगितलं ते. गोंद लावू नका, सेलोटेप तर नकोच.

त्या डावखुऱ्या बाईंचं नाव मला अजून मिळालेलं नाही. माय म्हणायची, तिला सगळे ‘भरनारीन’च म्हणायचे. आळी कुठली ते तिनं सांगितलं होतं, तिथं आता दुकानं आहेत. चार चौकटींचे फोटो मी ह्या टेबलावर ठेवलेत. पोपटाची शेपूट बघा, तीन पिसं, मधलं पिवळं, आणि उजवा खालचा कोपरा बघा. आता आपापल्या पिशव्या उघडा, आणि कुणाकडं तसला पोपट निघाला तर आधी घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला फोन लावा. लावा की इथूनच, मी थांबते. चहा येतोय तोवर.